आमच्या घरचा नमुना

९ फेब्रुवारी

पुन्हा ड्रायव्हिंग शिकवायला गाडीत बसले! शिकाऊ बाईंनी पहिल्याच वळणावर चाक फुटपाथवर चढवलं आणि मला चक्क आनंद झाला – माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय वेळेत पडला. म्हणजे पायात जीव आलाय. गेल्या महिन्यात जिना चढताना मध्येच बसावं लागत होतं.

घरी येऊन यांना सांगायला तोंड उघडलं. आणि मिटलं.

दोघं एकाच तापाने एकाच वॉर्डात गेलो. मी परत आले.

वॉर्डातल्या त्या उंच सिस्टरची आठवण आली. पाठमोरी बसवून माझे गुंतलेले केस विंचरून द्यायची. "बाहेर गेल्यावर बरं दिसायला नको का?" म्हणायची. तिचं भलं होवो.

१६ फेब्रुवारी

बेबीकडे औषधं आणि भाजी पोचवली. बेबी म्हणजे यांची धाकटी बहीण. पन्नाशी आली तरी बेबीच. दार साखळीपुरतं उघडलं. "ठेव तिथे."

किडनी बदलल्यापासून तिची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलीय, नाहीतर शरीर ती किडनीच परकी म्हणून हाकलेल. त्यामुळे लस टोचूनही उपयोग झाला नाही – शिकवलेलं डोक्यात शिरतच नाही! तिला हा ताप आला तर कठीण. म्हणून दार बंद.

माझ्यासाठी दार बंद असायला आणखीही कारण आहे. हे गेले त्या दिवशी फोनवर म्हणाली होती, "माझा भाऊ गेला आणि तू राहिलीस." त्यानंतर फक्त 'ठेव तिथे'.

राग नाही येत. मीही स्वतःला तेच विचारते.

२ मार्च

प्रयोगशाळेतून एका मुलीचा फोन. "काकू, तुमच्या घरच्या नमुन्यात आम्हाला फार छान अँटिबॉडी सापडलीय. बघायला याल?"

वॉर्डात बरी होताना रक्त दिलं होतं, विसरूनही गेले होते. नमुना म्हणे! हे असते तर म्हणाले असते, "त्यासाठी रक्त कशाला तपासायचं? मला विचारायचं."

६ मार्च

जाऊन आले. मुलगी चष्मेवाली, भराभर बोलणारी. स्क्रीनवर विषाणू दाखवला – गोल, अंगभर बोंडं. त्या बोंडांच्या टोकाने तो आपल्या पेशीला पकडतो आणि आत घुसतो. आपलं शरीर त्याच्यावर अँटिबॉडी सोडतं: दोन हात वर केलेली, इवलीशी. हातांची टोकं विषाणूच्या एखाद्या भागावर अगदी मापात बसली की तिने त्याला ओळखलं.

"पण बऱ्याचशा भलतीकडेच धरतात काकू. बोंडाच्या बुडाशी वगैरे. धरलं तरी तो आत जातोच."

म्हटलं, "म्हणजे चालत्या गाडीच्या टपाला लोंबकळल्यासारखं. गाडी थांबत नाही."

ती खूश! "आणि ही तुमच्याकडची – बरोब्बर टोकावर बसते. पेशीला पकडायची जागाच अडवते. मग तो असून नसल्यासारखा."

ही अँटिबॉडी बनवणारी एकच पेशी त्यांनी हजारोंतून शोधली. तिची कृती उतरवून घेतली. आता मोठ्या टाक्यांमध्ये दुसऱ्या पेशींकडून तीच बनवून घेणार, सगळ्या हुबेहूब. ज्यांचं शरीर स्वतः बनवू शकत नाही त्यांना आयती द्यायची. काही महिने टिकते.

ज्यांचं शरीर बनवू शकत नाही! मी लगेच बेबीचं सांगितलं.

७ मार्च

'तू राहिलीस' याला काहीतरी उत्तर मिळालं. देवा, आभारी आहे.

११ नोव्हेंबर

त्या अँटिबॉडीची चाचणी सुरू होतेय. बेबीच्या डॉक्टरांनी तिचं नाव दिलं, पण बाई अडून बसल्या. तासभर दाराबाहेर उभी राहून बोलले.

"कुणाच्या रक्तातलं आहे ते?"

"एका आजारी माणसाच्या. आणि रक्त नाही गं ते, नुसती कृती तिकडची."

"तुला काय पडलंय एवढं?"

"भाजी पोचवून कंटाळले."

आतून हसल्यासारखा आवाज आला. माझं आहे हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मेली असती पण घेतलं नसतं.

१८ नोव्हेंबर

सलाईनमधून दिलं. तिने मला खोलीबाहेर बसवलं. बसले. आनंदाने बसले.

२१ जानेवारी

बेबीच्या घरी पुन्हा कामाला येऊ लागलेल्या बाईंना तो ताप. आज बेबीचीही तपासणी – आहे! दोन्ही शिकवण्या रद्द केल्या.

२२ जानेवारी

बेबीचं नाक गळतंय. थोडी कणकण. बस.

२३ जानेवारी

तेवढंच! ऑक्सिजन उत्तम. डॉक्टर म्हणाले, "ते दिलेलं नसतं तर आज आपण वेगळंच बोलत असतो." मी त्यांच्या पायाच पडणार होते. "अहो, अहो," म्हणत मागे सरकले, खुर्चीला अडखळले.

९ फेब्रुवारी

बेबीने साखळी काढली. "वहिनी, आत ये." एवढ्या महिन्यांनी सोफ्यावर बसले – डोळे भरलेले तिला दिसू नयेत म्हणून उशीचे दोरे काढत राहिले. मग सांगून टाकलं. प्रयोगशाळा, टाक्या, सगळं.

आधी रडली. मग म्हणते, "तुझं माझ्या अंगात फिरतंय म्हणजे! आता भांडायचं कसं?"

"जमेल तसं," म्हटलं.

निघताना माझा हात सोडेना. "तेव्हा जे बोलले ना—"

"कधी? मला नाही आठवत."

२७ फेब्रुवारी

चष्मेवाली स्वतः घरी आली. चाचणी संपली, कुठल्या क्रमांकाचा नमुना कुणाचा ते उघडलं. "काकू, एवढे दिवस आम्हाला फक्त घर माहीत होतं. तुमच्या घरचे नमुने दोन होते." यांनीही रक्त दिलं होतं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असताना सही करून. मला बोलले नाहीत.

ती अँटिबॉडी माझी नाही. यांची.

"शरीराने बरोबर ओळखलं होतं त्यांच्या. वेळ पुरला नाही."

ती गेल्यावर बेबीला फोन लावला. "बेबी, ते माझं नव्हे गं. तुझ्या दादाचं."

पलीकडे दाराची साखळी काढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "वहिनी, गाडी घेऊन ये. मला घराबाहेर पडायचंय."