पिवळ्या कार्डाचं लॅमिनेशन

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या आणि आता जवळजवळ परदेशी भावाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे आई ठणठणीत आहे. दिवसातून तीनदा डोळ्यांत थेंब घालून घेते आणि चौथ्यांदा घालायला सांगते (विसरले, असं ती म्हणते, तिला तेवढीच करमणूक, असं मी म्हणतो).

बातमी अशी की आम्हा नवरा-बायकोला पश्चिम आफ्रिकेतून बोलावणं आलंय. तिथे बायकांसाठी नवं शिवणकेंद्र निघतंय. तीन महिने चाळीस जणींना शिवण शिकवायचं आणि मशिनी चालत्या ठेवायच्या. बत्तीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त करतोय, पण विमान मी खालूनच बघितलेलं. जाणं एका गोष्टीवर अडलंय. ती शेवटी सांगतो, कारण ती हसण्यासारखी नाही.

तर पीतज्वराची लस. ती घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर तिथे विमानतळाबाहेर सोडत नाहीत, आणि टोचल्यावर दहा दिवस गेल्याशिवाय ते कार्ड चालत नाही. मी मुकाट्याने टोचून घेतलं (हिला विचारू नकोस). डॉक्टरांनी कार्डावर सही केली, पण शिक्का ज्यांच्या कपाटात ते साहेब रजेवर. उद्या या, म्हणाले. आता आपल्या घराण्याची खोड तुला माहीत आहे. कागद महत्त्वाचा दिसला की आपला हात शिवशिवतो. अण्णांनी तुझी गुणपत्रिका लॅमिनेट केली, गॅसचं पुस्तक केलं, माझी लग्नपत्रिका तर छापून आल्या आल्या केली, त्यामुळे चुकलेली तारीख तशीच राहिली. त्यांचाच मी मुलगा. येताना वाटेत झेरॉक्सवाला लागला आणि पाच मिनिटांत कार्ड हातात, गरमागरम, वर बादलीभर पाणी ओतलं तरी काही होणार नाही असं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी शिक्का मारला. तो कार्डावर जरा घसरला आणि साहेबांच्या अंगठ्याला लागून निघून गेला. त्यांनी पुन्हा मारला, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, ब्लेडने सोडवतो, माझा हात बारीक कामाला बसलेला आहे. बसलेला आहेच, पण प्लॅस्टिकबरोबर डॉक्टरांची सहीसुद्धा निघून आली. शेवटी साहेबांनी स्वतः रजिस्टर काढलं, माझं नाव शोधलं, नवं कार्ड करून दिलं आणि शिपायाला सांगितलं, यांना घरापर्यंत सोडून ये, वाटेत कुठे थांबू देऊ नकोस. भला माणूस.

बॅग भरून झालीय. सुया, पट्टे, बॉबिनकेस, तेलाच्या बाटल्या. कपड्यांना जागा उरली नाही, पण चाळीस जणी शिवायला शिकणार आहेत, एखादी मला शर्ट शिवून देईलच.

भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
भाऊ

ता.क. अडलेली गोष्ट. बोलावण्याचं पत्र खरं तर हिच्या नावाने आहे. शिकवणार ती, मी आपला मशिनींपुरता. आणि ती 'आईंना टाकून मी जाणार नाही' म्हणून बसलीय. वीस वर्षं खिडकीशी बसून लोकांचे कपडे शिवले तिने, आज पहिल्यांदा कुणी तिला शिक्षिका म्हणून बोलावतंय. ती गेली नाही तर ते मला जन्मभर खात राहील. ताई, तीन महिने आईला नेशील का? ही माझं नाही ऐकत, तुझं ऐकेल.

ता.क. दुसरा. वन्सं, हे अक्षर माझं. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. आईंना विचारलं, तर त्यांनी कालच पिशवी भरून ठेवलीय. तुमचा होकार आला की मी निघते. आणि एक गोष्ट यांना कळू देऊ नका. केंद्राला दुरुस्तीचा माणूस नको होता, त्यांचा तिथे आहे. मीच कळवलं, हे आले तर येईन. पहिल्या दिवशी चाळीस अनोळखी बायकांपुढे उभं राहायचं म्हटलं तर मला समोर एक तरी ओळखीचा चेहरा हवाय.