भिंतीपलीकडचं गवत

शनि. २२ फेब्रु.
वारा सकाळपासून पिसाळलाय. दोरीवरची चादर उडून थेट लिंबाच्या झाडावर. भिंतीपलीकडचं गवत कंबरेइतकं उंच आणि पापडासारखं वाळलेलं. शहराच्या या टोकाला, येलहंक्याला, आम्ही हे घर बांधलं तेव्हा तळ्याचं पाणी भिंतीला लागायचं. आज कुणाला सांगितलं तर हसेल.

निखिलचा फोन. पालुपद तेच. "आई, मागच्या वर्षी आग भिंतीपर्यंत आली, आंबा होरपळला. यंदा एकटी राहू नकोस. घर विकू, माझ्याकडे व्हाइटफील्डला ये." चौदाव्या मजल्यावर जाऊन मी काय करू? लिफ्टशी गप्पा मारू? हे गेल्यापासून दर उन्हाळ्याला हाच धोशा.

शेवटी पैज लावली. यंदा आग माझ्या भिंतीला लागली तर मुकाट्याने बॅग भरून येते. नाही लागली तर घर विकायचा विषय कायमचा बंद. "सरी, डन," म्हणाला, कानडी-इंग्रजीत एकदम कबूल. बोलून बसले खरी. आता निस्तरायला हवं.

मंगळ. २५ फेब्रु.
विळ्याला धार लावून आणली. भिंतीलगत दोन खाटा मावतील एवढा पट्टा मोकळा करायचा, माती दिसेपर्यंत. आगीला खायलाच ठेवलं नाही तर ती येईल कशाला? नोकरीत जन्मभर प्रयोगशाळेत बसून वारा मोजला, आता त्याच्याशी समोरासमोर गाठ आहे.

फिरायला निघालेले एक गृहस्थ थांबून म्हणाले, "मॅडम, माळी लावा ना." लावला असता. पण माळी येतो, गवताला काडी लावतो आणि मोकळा होतो. तेच तर नकोय.

दुपारी गौराक्का आली. गवताच्या पलीकडच्या टोकाला तिचा गोठा. चार गाई, आणि त्यांच्या वर्षभराच्या पेंढ्याची गंजी. आमचं बोलणं कानडीत, बेळगावचं माहेर इथे कामी येतं. तिला म्हटलं, गंजीभोवती तूही पट्टा कर. "देव आहे, अक्का." म्हटलं, आहे ना, पण त्याला विळा धरता येत नाही. खो खो हसली, पदर खोचला आणि आधी माझ्याच पट्ट्यावर बसली. माझ्या दुप्पट वेगाने कापते बया.

रवि. २ मार्च
माझा पट्टा पुरा. तळहातांना फोड. गौ.च्या गंजीभोवतीचाही आज संपवला, दोघींनी मिळून. पाठ बोलतेय. बाम चोळून घेतला स्वतःच, पोचेल तिथपर्यंत.
वारा तसाच. पाऊस नाही, ढगसुद्धा नाही.

शनि. ८ मार्च
इथल्या मराठी मंडळाची मीटिंग. होळी नेहमीच्या मैदानावर, म्हणे. मैदान म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी, गवताला चिकटून. लाकडं येऊनही पडलीत. मी म्हटलं, या वाऱ्यात तिथे होळी पेटवणं म्हणजे गौराक्काचा गोठा पेटवणं. मोठी होळी नको. पाच गोवऱ्या घ्या, लोखंडी घमेल्यात पेटवा, माझ्या अंगणात या, नैवेद्य मी करते.

कुलकर्णी (सेक्रेटरी, आवाज लाउडस्पीकरचा) म्हणाले, "काकू, होळी घमेल्यात? उद्या गणपती बादलीत बुडवायला सांगाल!"
"बादलीतच बुडवतो की आपण! गेली कित्येक वर्षं! तेव्हा कुणाचं नाक कापलं गेलं नाही ते?"
सगळे हसले. कुलकर्णी सोडून. मतदान झालं, मैदानच ठरलं. हसणारे हात वर करत नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं.

गुरु. १३ मार्च, होळी
पुरण सकाळीच वाटून ठेवलं. चारला प्लॅस्टिकची खुर्ची नेली आणि मैदानावरच्या लाकडांना टेकून बसले. छत्री, पाण्याची बाटली. निखिल ऑफिसातून लवकर आला होता, तो लाजेने अर्धा झाला. "आई, लोक बघतायत." बघू देत की. तिकीट थोडंच आहे.

कुलकर्णी आले. "काकू, उठा. मुहूर्त टळतोय."
"पेटवा. मी इथेच आहे."

अर्धं मंडळ माझ्या बाजूला, अर्धं विरुद्ध, पोरं मात्र खुशीत बोंबा मारतायत. तेवढ्यात वाऱ्याचा असा लोट आला की कुलकर्ण्यांच्या हातातला पेटता काकडा विझला, आणि जळकी चिंधी उडून गवतात. दोघं-तिघं धावले, चपलांनी तुडवली. कुलकर्णीच हळू आवाजात म्हणाले, "घमेलं कुठे आहे?"

अंगणात होळी झाली. लहानशी पण देखणी. नारळ भाजला, प्रसाद वाटला, पोळ्या पुरल्या. जिंकले! रिवाजाप्रमाणे निखारे पाणी तापवायच्या बंबात घातले, उद्याच्या धुळवडीच्या आंघोळीला. नि. मुक्कामाला.

शुक्र. १४ मार्च
आजच लिहून ठेवते.

सकाळी होळीच्या निखाऱ्यांवरच्या पाण्याने दोघांच्या आंघोळी झाल्या. मी पोहे करायला आत. नि.ला मदतीची हुक्की. बंबाची राख काढली आणि भिंतीवरून पलीकडे टाकली. त्याचे बाबा रोज तिथेच टाकायचे. तेव्हा पलीकडे पाणी होतं! लहानपणचा हात, आपोआप वळला. राख पडली मोकळ्या पट्ट्यावरच, पण आत निखारा होता. वाऱ्याने उचलला आणि पट्टा ओलांडून गवतात नेऊन टाकला. आग आत येऊ नये म्हणून पट्टा केला होता. इथून बाहेर जाईल हा विचारच मी केला नव्हता.

फोडणी देतानाच गौ.ची आरोळी. "बेंकी! बेंकी!" बाहेर येऊन बघते तर आगीची भिंतच पुढे सरकतेय. घराकडे नाही. वाऱ्याबरोबर, सरळ गोठ्याकडे. घराला लागली असती तर एवढं वाटलं नसतं, हे अगदी खरं लिहिते.

नि.ने फायर ब्रिगेडला फोन केला, पोती हौदात बुडवली आणि धावला. मी होंग्याची, म्हणजे करंजाची, ओली फांदी मोडली. गौ. गाई सोडत होती, त्या जागच्या हलेनात. गंजीभोवतीच्या पट्ट्याशी आग आली आणि अडली. अडली! पण ठिणग्या येतच होत्या. तिघांनी पट्ट्यावर उभं राहून एकेक बडवली. धूर इतका की माझा मुलगा मला दिसत नव्हता, नुसतं खोकणं ऐकू यायचं. नंतर कुलकर्णी आले, बादल्या घेऊन, मंडळाच्या चार जणांना घेऊन. मग फायर ब्रिगेडवाले. उरलेली त्यांनी विझवली.

गोठा वाचला. गंजी वाचली. गाई वाचल्या. गोठ्यापर्यंतचं गवत सगळं काळं.

गौ.ने विचारलं, कुणी लावली? नि.ने मान खाली घातली. मी सांगितलं, आमच्याच बंबातली राख. तिने गाईच्या पाठीवरची राख झटकली. मग म्हणाली, "पावसापर्यंत गाई याच गवतावर चरायच्या, अक्का." आणि गोठ्यात गेली.

शनि. १५ मार्च
नि.च्या हातावरचे केस जळालेत, मनगटाला फोड. मलम लावताना म्हणाला, "आता चल, आई. पैज हरलीस."
"भिंत बघ. डाग तरी आहे का?"
"लागली नाही, पण आपल्या घरातून निघाली. ते जास्त वाईट."
"पैज लागण्याची होती. निघण्याची नव्हती. आणि काढणारा तू."
दोघंही हसलो. मग तो एकदम रडला. इतका मोठा घोडा. "तुला काही झालं असतं तर?" पाठीवर हात ठेवला. मलाही भीती वाटली होती, पण ते त्याला सांगितलं नाही.

कुलकर्णी चौकशीला आले. जाता जाता टोला हाणलाच, "शेवटी आग घमेल्यातलीच निघाली हो काकू." म्हटलं, हो. मैदानावरची असती तर काय झालं असतं ते सांगा. पुढच्या वर्षीही घमेलंच, वर दोन बादल्या पाणी ओतून. बंबात एक निखारा जाणार नाही.

रवि. ३० मार्च, पाडवा
गुढी उभारली. वाऱ्याने दोनदा तांब्या पाडला, तिसऱ्यांदा सुतळीने करकचून बांधला. बघू कोण थकतं.

नि. दर शनिवारी येतो. वाटेत के. आर. पुरमला हिरवा चारा मिळतो, तो गाडीच्या डिकीत कोंबून गौ.कडे टाकतो. गाडीला गोठ्याचा वास. ऑफिसातले नाकं मुरडतात म्हणे. मुरडू देत. गौ. त्याच्याशी बोलते आता. माझ्याशी अजून स्वल्पच. पण आज होळिगे पाठवली, आमच्या पुरणपोळीची बहीण. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून श्रीखंड भरून दिलं. तिने डबा माझ्यासमोरच उघडून ते चाखलं.

शनि. ५ एप्रिल
ऊन डोळ्यांत खुपतंय. सकाळी गच्चीवर गेले. निलगिरीच्या राईकडचा तुकडा जळायचा राहिलाय. तिकडचं गवत तसंच उभं, वाळून आणखी कडक. रस्त्यापलीकडे कुठेतरी धूर. वारा आज उलटा फिरलाय, तिकडून माझ्याकडे.

नि. चारा टाकून आला. चहा पिताना खिशातून किल्ली काढली. व्हाइटफील्डच्या फ्लॅटची, मागे लाल दोरा. "पैजेचं राहू दे, आई. जिंकलीस म्हण हवं तर. फक्त ही ठेव जवळ. धूर दिसला की निघायचं, एवढं तरी कबूल कर."
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. किल्ली घेतली.

कुठे ठेवायची? स्वयंपाकघराच्या दाराशी विळ्याचा खिळा आहे, तिथेच अडकवली. खिळा रिकामाच होता. गौराक्का फाटकाशी हाका मारतेय, राईकडच्या गवतात पट्टा पाडायचाय, आणि विळा माझ्या हातात आहे.