ठाण्याच्या परीक्षेसाठी काढलेला वेळ

फाल्गुन शुद्ध ३, शके १८०८. कल्याण.
ठाण्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण हवी आहे. परीक्षा वद्य सप्तमीला. हे गेल्यापासून अकरा वर्षं दिराच्या घरी चूल फुंकते आहे. आता बस्स. ह्यांच्या पेटीतली पुस्तकं एकटीनं वाचून काढली, भूगोल तेवढा राहिला. उद्यापासून पहाटे दोन तास, दुपारी तीन. ठरलं.

शुद्ध ४.
पहाटे सोवळं नेसले. सोवळ्यात पुस्तकाला शिवता येत नाही, हे काल ध्यानात आलं नाही. दुपारी पापड. धाकटी जाऊ रंगू म्हणाली, "जाऊबाई, राहू द्या, मी लाटते." तिचे पापड म्हणजे घोंगड्या! मीच लाटले. या घरात मला कोणी वेळ म्हणून देत नाही.

शुद्ध ६.
युक्ती काढली. मी चुलीपाशी, रंगू उंबऱ्याबाहेर पुस्तक उघडून. मी "हूं" म्हटलं की तिनं पान उलटायचं. दोन पानं झाली. मेलीचं लक्ष सगळं माझ्या आमटीत.

शुद्ध ११.
उपास, म्हणजे दिवस मोकळा. कसला मोकळा! एकादशी नि दुप्पट खाशी. हरिहरभावजी म्हणाले, "वहिनी, चार रताळी उकडा, पुरे." तोंडदेखलं बोलतात. पाच पदार्थ केले. रागात हात भाजला.

पौर्णिमा.
होळी. पोळ्या साठ.

वद्य ३.
नद्यांच्या पानावर समासात ह्यांचं अक्षर: 'हिला सांगणे.' कधी सांगितलं नाही. पुढं वाचवलं नाही. ह्यांचाच राग आला.

वद्य ७, सकाळ.
बैलगाडी दारात. भावजी पागोटं घालून स्टेशनावर न्यायला तयार. स्वयंपाक रंगूकडे. दारातून सांगितलं, "चिंच आधी कोळ गं!" तर म्हणते, "कोळली, जाऊबाई. निघा आता, गाडी चुकेल." उद्धट कार्टी! हिच्या हाती घर सोडायचं? पुन्हा अंघोळ केली, सोवळं नेसले. आगगाडी गेली. या लोकांनी माझा जन्म खाल्ला.

वद्य ७, संध्याकाळ.
आमटी रंगूनं आधीच करून ठेवली होती. सगळ्यांनी दोनदा मागून घेतली. भावजी हळूच म्हणाले, "वहिनी, परीक्षा तीन वाजता होती. दुपारच्या गाडीपर्यंत मी पागोटं उतरवलं नव्हतं."
दुपारची गाडी मला ठाऊक होती. तिची शिटी झाली तेव्हा मी रंगूनं घासलेली भांडी पुन्हा घासत होते.