फीत कुणी सोडली

प्रिय कुणाल,

आधी घडलं ते, क्रमाने.

१. गेल्या मंगळवारी सकाळी नऊला काल्हेरच्या गोदामाच्या फाटकावर झुकलेलं शिरीषाचं झाड मी तपासलं. खोड मोगरीने ठोकलं. डावीकडे आवाज पोकळ. निर्णय: कुणीही चढायचं नाही, क्रेनच्या पाळण्यातून कापायचं. खोडाला लाल फीत बांधली आणि निजामपुऱ्यातल्या कामावर गेले.
२. साडेअकराला तुझा फोन. क्रेन चारला येणार होती. मी म्हणाले, थांब.
३. सव्वाबाराला आपले झाडकापे महादूदादा चढले. वीस मिनिटांत, त्यांचा दोर बांधलेली फांदी खोडापासून निखळली, ते खाली पडले. कंबरेचं हाड मोडलं.
४. मी पोचले तेव्हा खोडावर फीत नव्हती.

फोनवर तू हसत सांगितलं होतंस, ट्रक खोळंबलेत आणि गोदामाचा मॅनेजर सगळ्यांदेखत विचारतोय, "तुमची बाई झाडाला राखी बांधून पळाली काय?" मीही हसले. ते तुला लागलंय, हे मला ओळखता आलं नाही. तेवढी चूक माझी.

ज्याने फीत बांधली त्यानेच ती सोडायची, हा नियम आपण दोघांनी केला, आपल्या साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात, तुमच्या ओट्यावर बसून. महादूदादा मला चिडवायचे, "ताई, झाडाची नाडी बघून झाली का? आता सुई पन टोचा!" पण फीत दिसली की बुंध्याला हातही लावायचे नाहीत.

तुझ्या अहवालात आहे, "महादू न विचारता चढला." पाच दिवस मी ते खरं मानलं. फीत वाऱ्याने सुटली असेल, असंही स्वतःला सांगून पाहिलं. मी दुहेरी गाठ मारते, हे माहीत असून.

काल हॉस्पिटलमध्ये गेले. महादूदादा म्हणाले, "फीत तुमीच सोडायला सांगितली ना, ताई? कुनाल बोलला. म्हनून मी बिनघोर चढलो." त्यांच्या उशाशी राहीबाई होत्या. नवऱ्याचं तोंड पुसत राहिल्या, माझ्याकडे पाहिलं नाही. खरं काय ते मी सांगितलं नाही. ते तू सांगायचं आहेस.

शनिवारी चौकशीत मी जे आहे ते सांगणार, तू काहीही केलंस तरी. हे पत्र त्यासाठी नाही. त्याआधी त्या दोघांसमोर उभा राहा आणि सांग की मी नको म्हटलं होतं, तरी तू त्यांना चढवलंस. गेलास की नाही, ते शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत लिहून कळव. फोन करू नकोस.

शुक्रवारपर्यंत तुझीच,
नेत्रा