डाव्या दाराचं हँडल

अण्णा,

तुमच्या गाडीच्या डाव्या पुढच्या दाराचं आतलं हँडल मिळालं. आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. बोटाएवढा काळा प्लास्टिकचा तुकडा, कडेला थोडा पांढरा पडलेला. तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली आणि हे आता मिळतंय. परवापासून चार वेळा हातात घेऊन बघितलं. घरात कोणाला काही बोलले नाही, कारण बोलायला लागले तर सगळंच सांगावं लागेल, आणि ते आधी तुम्हाला सांगायला हवं.

ही गाडी तुम्ही घेतलीत तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मागे डिकी असलेली, चार दारांची, चंदेरी रंगाची. नाशिक रोडच्या आपल्या कॉलनीत तेव्हा सगळ्यांकडे स्कूटरीच. आईने गाडीला ओवाळलं, नारळ फोडला, आणि तुम्ही पहिली फेरी कॉलनीतल्या कॉलनीत मारलीत, तीही पहिल्या गिअरमध्ये. मला शिकवलंत तेही याच गाडीवर. 'क्लचवर पाय ठेवून बसू नकोस, ते पायपुसणं नाही,' असं तुम्ही इतक्यांदा ओरडलात की आजही सिग्नलला थांबले की माझा पाय आपोआप बाजूला सरकतो. पुढे कंपनीने ही गाडी बनवणंच बंद केलं. ती बातमी तुम्ही मला फोन करून पेपरमधून वाचून दाखवलीत. मी म्हटलं, 'मग विकून टाका आत्ताच, अजून चार पैसे येतील.' तुम्ही 'बरं' म्हणालात आणि फोन ठेवलात. पुढचे आठ दिवस तुम्ही फोन केला नाही.

आई गेल्यावर तुम्ही नाशिक रोडला एकटे, आणि मी कॉलेज रोडला माझ्या संसारात. मोतीबिंदू आणि गुडघे, दोन्ही एकदम आल्यावर तुम्ही गाडी चालवणं सोडलंत, पण गाडी सोडली नाहीत. दर रविवारी मी यायचे, तुम्हाला डाव्या बाजूला बसवायचे आणि दवाखाना, भाजी, कोणाचं लग्न असेल ते असं फिरवून आणायचे. अशाच एका रविवारी ते हँडल तुमच्या हातात तुटून आलं. तुम्ही ते मला असं दाखवलंत, जसं शाळेत मुलं तुटलेली पट्टी दाखवतात. त्या दिवसापासून तुम्हाला आतून दार उघडता येईना. काच खाली करून बाहेरून उघडावं तर तुमचा खांदा आखडलेला, हात तिथपर्यंत वळत नव्हता; गिअरवरून माझ्या सीटवर सरकावं तर गुडघे दुमडत नव्हते. मी उतरायचे, फेरी मारून यायचे, बाहेरून दार उघडायचे. तुम्ही म्हणायचात, 'बघा, साहेबाला उतरवतात तसं उतरवते पोरगी.'

'हँडलचं बघतेस ना?' तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, 'बघते.' पुढच्या रविवारी म्हटलं, 'विचारलं अण्णा, नाही मिळत.' त्याच्या पुढच्या रविवारी, 'कंपनीच बंद करून बसली, पार्ट कुठून येणार?' अण्णा, मी कोणालाही विचारलं नव्हतं. एका दुकानाची पायरी चढले नव्हते. ऑफिसातून घरी जाताना वाटेवर स्पेअर पार्टची तीन दुकानं लागायची, तिथे नुसतं थांबायचं होतं. पण मला वाटायचं, गैरसोय झाली की तुम्ही आपण होऊन म्हणाल, विकून टाकू. थोडे दिवस अडचण सोसतील आणि येतील वळणावर, असा माझा हिशेब. तुमच्या लेकीने तुमच्यासाठी असा सापळा लावला होता.

तुम्ही मात्र त्या दाराशी जुळवून घेतलंत. नोटांच्या प्रेसमध्ये तुमची पाळी सुटायच्या वेळी एखादा कागद कमी भरला की तो सापडेपर्यंत कोणालाच बाहेर सोडत नसत, हे लहानपणापासून ऐकत आलेय. आई ताट झाकून बसायची. उशिरा आलात तरी तुम्ही चिडलेले नसायचात. 'आत ओरडून गेट लवकर उघडत नाही,' असं म्हणायचात. बंद दाराआड गप्प बसायची सवय तुम्हाला सगळ्या नोकरीने लावली होती. तीच मला नडली. तुम्ही एकदा जरी वैतागला असतात तरी मी दुकानात गेले असते.

मग तो नोव्हेंबर. हयातीचा दाखला द्यायला आपण बँकेत आलोय. मी म्हणते, 'तुम्ही बसा, मी रांग बघून येते.' आत तोबा गर्दी. मी रांगेत उभी राहते, तेवढ्यात ऑफिसचा फोन येतो, मग शाळेतली एक मैत्रीण भेटते, मग फॉर्म भरते. तुमचं नाव, तुमचा पेन्शनचा नंबर, सगळं सुवाच्य अक्षरात. खिडकीशी पोचते तर आतला माणूस म्हणतो, 'पेन्शनर कुठायत? अहो मॅडम, जिवंत असल्याचा दाखला आहे, माणूस समोर लागतो.' तेव्हा मला तुमची आठवण झाली. तासाच्या वर होऊन गेला होता. मी पळत बाहेर आले. सकाळी सावलीत लावलेली गाडी आता भर उन्हात होती. तुम्ही टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होतात, शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लाल झालेला. काच पूर्ण खाली होती. दहा पावलांवर बँकेचा वॉचमन स्टुलावर बसला होता.

मी दार उघडलं आणि उलट तुमच्यावरच ओरडले. 'हॉर्न का नाही वाजवला? त्या माणसाला हाक मारायची ना!' तुम्ही आधी पाणी प्यायलात. मग हळूच म्हणालात, 'मारली असती गं. पण त्यानं विचारलं असतं, बाबा, तुम्हाला कोण कोंडून गेलं? चारचौघांत तुझी शोभा कशाला?' आणि आत खिडकीशी जाऊन त्या माणसाला म्हणालात, 'हयात आहे बरं का साहेब, थोडा भाजलोय एवढंच.' तो हसला. मीही हसले. अण्णा, मी हसले.

त्या संध्याकाळी तुम्हाला घरी सोडलं. तुम्ही उतरता उतरता विचारलंत, 'त्या हँडलसाठी फार फिरावं लागतं का गं तुला?' तेव्हा तरी मी खरं बोलायला हवं होतं. समोर आयती वेळ आली होती. मी म्हटलं, 'हो ना अण्णा, सगळं नाशिक पालथं घातलं.' तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. 'राहू दे आता. दमू नकोस,' म्हणालात.

जानेवारीत एक दिवस तुमचा फोन दिवसभर लागला नाही. संध्याकाळी उचललात तेव्हा म्हणालात, प्रेसमधल्या एका मित्राकडे गेलो होतो. आवाज थकलेला होता. मी तुम्हाला झापलं, 'या वयात न सांगता कुठे भटकता?' तुम्ही 'चुकलं' म्हणालात. चैत्रात तुम्ही गेलात. झोपेतच, कोणाला त्रास न देता. सगळे म्हणाले, भाग्यवान माणूस.

तेराव्यानंतर गाडीला गिऱ्हाईक आलं होतं. मी नाही म्हटलं. आणि मग जे तुम्ही असताना करायचं होतं ते सुरू केलं. टेल लॅम्पची काच, क्लचची केबल, वायपरचा दांडा, एकेक मिळवत गेले. तुमचे गॅरेजवाले मिस्त्री म्हणाले, 'मॅडम, नवीन पार्ट विसरा. आता मोडीत निघालेली गाडी शोधायची आणि तिच्यातलं काढून आणायचं.' मी भंगारवाल्यांच्या गल्ल्या फिरले. विंचूरला एकाकडे हँडल आहे म्हणून रजा टाकून गेले, तर ते उजव्या दाराचं निघालं. तरी घेऊन आले. तुम्ही असताना नुसतं विचारायचं होतं, मिस्त्री सांगतात, तेव्हा बाजारात सहज मिळायचं.

ही गाडी असलेल्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यात कळलं की नामपूरला एका कांदा व्यापाऱ्याकडे अशीच गाडी बंद पडून आहे. परवाच्या रविवारी गेले. कांदे साठवायच्या चाळीशेजारी उभी होती, चाकं जमिनीत रुतलेली, टपावर कोंबड्या. मालक तुमच्याच वयाचे, टोपीवाले. मी हँडलचं सांगितलं तर त्यांनी पुन्हा विचारलं.

"हाई हँडल? हाई तं एक म्हातारा बाबा बी मांगी गयता. नाशिकरोडना. येस्टीमा उना व्हता."

सटाण्याला एसटी बदलून, ते गुडघे घेऊन, तुम्ही तिथवर गेला होतात. प्रेसमधल्या कोणीतरी पत्ता दिला म्हणे. "तवय मन्ही गाडी चालू व्हती. मी म्हनं, चालू गाडीनं दार कसं मोडू बाबा? चहा पिना, चिठ्ठी दिधी, नि गया." गाडी बंद पडल्यावर त्यांनी चिठ्ठीवरच्या नंबरावर फोनही करून पाहिला. तुमचा तो फोन मी केव्हाच बंद केला होता. चिठ्ठी त्यांनी गाडीतच ठेवली होती, समोरच्या काचेवर उन्हासाठी पट्टी असते तिच्यामागे. तुमचं अक्षर. 'डाव्या पुढच्या दाराचे आतले हँडल. गाडी कधी मोडीत काढलीत तर कृपया कळवावे. मुलीची वणवण वाचेल.'

मी ती तिथेच, कोंबड्यांच्या मधे, एका रिकाम्या क्रेटवर बसून पुन्हा वाचली. त्यांनी स्वतः पाना आणून हँडल काढून दिलं. काही घेतलं नाही.

मिस्त्री म्हणतात, आणा, दहा मिनिटांचं काम आहे. मी नेलेलं नाही. आज सकाळी गाडी काढली, परत आणून लावली, आणि फेरी मारून तुमच्या बाजूचं दार बाहेरून उघडलं. थोडा वेळ धरून उभी राहिले. हा कागद तुमच्या चिठ्ठीसोबत गाडीच्या कप्प्यात ठेवते आहे. आणखी कुठे पाठवणार?

नामपूरची एक गोष्ट मात्र वर लिहायची टाळली. निघताना ते आजोबा गाडीपर्यंत आले होते. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तूच का ती पोर? लय फिरनी म्हने तू यान्हासाठे. बाबा लय सांगे तुन्हं."

मी हो म्हणाले, अण्णा.