ट्रे घेऊन येणारी बाई

२ नोव्हें., रवि.
‘मस्कतच्या हौशी रंगभूमीवरच्या माझ्या मैत्रिणींनो, चाळिशी उलटली की आपल्या हातात चहाचा ट्रे देतात आणि विंगेत उभं करतात.’ मराठी मंडळातल्या भाषणाची सुरुवात ठरली. पुढे माझी अमेरिकन नटी. तिचाही पहिला प्रवेश ट्रे घेऊनच, एक वाक्य नाही. मग राणी, खुनी, नन, सिनेमा चाळिशीनंतर, म्हातारपणी टीव्हीवर न्यायाधीश, आणि परत रंगमंच. तिच्यावरचं एकपात्री लिहून झालं. विशी ते सत्तरी, एकटीनं करायचं. कोण करेल?
नवरा म्हणतो, “तूच कर. घरी रोज करतेसच.”

५ नोव्हें., बुध.
दुपारी डुलकी. स्वप्नात मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या आमच्या गल्लीतून ती नटी चालत येत होती, पांढऱ्या उन्हातून. दर फाटकापाशी वय बदलत होतं. आमच्या दारात पोचली तेव्हा चेहरा सिल्वीचा.
सिल्वी वसईची, इथे मस्कतच्या रुवी भागात राहते, हॉटेलची लाँड्री सांभाळते. पंधरा वर्षं मंडळाच्या नाटकांत मोलकरीण. गेल्या वर्षी ट्रे ठेवून वळली आणि दारात क्षणभर थांबली. नायक तेव्हा काय बोलत होता, कुणाला आठवत नाही.
तिला निरोप धाडला: शुक्रवारी सकाळी दहाला एकपात्रीचं वाचन, नक्की ये.

७ नोव्हें., शुक्र.
सहा जणी आल्या. सिल्वी नाही. फोनही उचलला नाही. चिडले.
सेक्रेटरी कुलकर्णी म्हणाले, “ती वाचनाला कधीच येत नाही. इंटरेस्ट नसतो त्यांना. मग उरलेलं काम देतो आपण.”
‘त्यांना’. दिवसभर कानात.
भूमिका ठरली नाही. पुढच्या शुक्रवारी शेवटचं वाचन.

८ नोव्हें., शनि.
रुवीला गेले. सिल्वी चादरींच्या घड्या घालत होती. घरीसुद्धा.
“ताई, शुक्रवारी सकाळी चर्चमध्ये आमचा मिस्सा. इथे सुट्टी शुक्रवारची, रविवारी कामावर जायचं असतं ना. आणि मी कॉयरमध्ये.”
“पंधरा वर्षांत सांगितलं नाहीस?”
“तुम्ही पंधरा वर्षांत विचारलं नाहीत. एवढी पुस्तकं वाचता, चर्चच्या दारावरचा बोर्ड तेवढा राहिला.” हसत होती.
मग एकपात्रीचं शेवटचं पान वाचलं तिनं. आवाज म्हातारा केला नाही. फक्त खाली बसायला वेळ घेतला. खिडकीतलं ऊन, पांढऱ्या चादरी... ही खोली कुठल्या शहरात आहे, क्षणभर कळेना.
पान परत देताना म्हणाली, “डिसेंबरात नोकरी खलास, ताई. मग वसई. माझ्यासाठी कुणाकडे काही मागायला नका जाऊ.”
म्हणजे हेच तिचं इथलं शेवटचं नाटक.
शुक्रवारची वेळ मीच सुचवली होती. रस्ते मोकळे असतात म्हणून.

११ नोव्हें., मंगळ.
कुलकर्णी: “एकीसाठी वेळ बदलली तर उद्या सगळे मागतील. आणि वेळ तुमचीच होती. सगळ्या म्हणाल्या तर बघू, इन्शाल्ला.”
भाषण पुन्हा वाचलं. ‘आपल्या हातात ट्रे’? माझ्या हातात कधी दिला कुणी? मी नेहमी बोलायलाच उभी राहिले.

१२ नोव्हें., बुध.
पहाटे पुन्हा ती नटी. रिकाम्या हॉलमध्ये, माझ्याकडे पाठ, हातात ट्रे. कुणीतरी घेईल म्हणून थांबलेली.
भाषण फाडलं. मंडळाच्या ग्रुपवर खालचं एवढंच टाकलं. सगळ्यांनी वाचलंय. सिल्वीनंही वाचलंय.

‘मैत्रिणींनो, शुक्रवारी दहाला सिल्वी चर्चमध्ये असते, म्हणून आपण तिचं वाचन कधी ऐकलेलंच नाही. वेळ मी ठरवली होती, चूक माझी. उद्या दुपारच्या आत प्रत्येकीनं कुलकर्ण्यांना स्वतः फोन करावा आणि सांगावं: वाचन शनिवारी घ्या.’