पोल्दीदादाचे शेवटचे शब्द

झाग्रेब, १९ नोव्हेंबर १८९४

प्रिय पाउली,

तू आणि तुझे कॅप्टनसाहेब खुशाल असाल. तुमच्या ग्राझच्या वर्तमानपत्रांनी दोन ओळी तरी छापल्या असतील. दादा शुक्रवारी गेला, काल अंत्ययात्रा झाली. रस्त्यावरच्या दिव्यांना काळं कापड गुंडाळलं होतं. विद्यार्थ्यांनी घोडे सोडून गाडी स्वतः ओढली. खिडकीखाली अजूनही माणसं उभी आहेत, म्हणून मी सारखी उठतेय. हे पत्र तिसऱ्यांदा सुरू केलंय.

पुष्पचक्रांच्या फितींवर दादाचे शेवटचे शब्द होते, सोनेरी अक्षरांत: ‘क्रोएशियाला सांभाळा.’ उद्या स्मारक समिती येतेय. तेच शब्द दगडावर कोरायचेत, त्यासाठी साक्षीदार म्हणून माझी सही हवी आहे.

ते शब्द माझे आहेत, पाउली. संपादक दारात वही उघडून उभे होते, मी तोंडाला आलं ते सांगितलं.

शेवटचे चार दिवस दादा फक्त जर्मन बोलला. ज्या भाषेवर भरसभेत आसूड ओढले, जिच्या रागापायी लिओपोल्ड हे जर्मन नाव टाकून क्रोएशियन लावोस्लाव झाला, तीच, आपल्या आईची. ‘लावोस्लाव’ म्हटलं तर बघायचाही नाही. आईसारखं ‘पोल्दी’ म्हटलं, की सुपासाठी तोंड उघडायचा. मी कुणालाच आत येऊ दिलं नाही. आपली स्वयंपाकीण, बारा, तिला जर्मन येत नाही. तिला म्हटलं, साहेब प्रार्थना करताहेत. ती म्हणाली, “बाईसाहेब, देवाला एवढे प्रश्न कोण विचारतं?”

प्रश्न तुझ्याबद्दल होते. पाउली कुठाय, जेवली का.

नऊ वर्षांपूर्वी त्यानं तुला जिन्यातच अडवलं. ऑस्ट्रियाच्या गणवेशाशी लग्न करणारी घरात नको, म्हणाला. नंतर तुझी पत्रं न फोडता परत गेली. पोस्टात मीच नेऊन टाकत होते.

तार ऑफिस समोरच आहे. सकाळी तार मिळाली असती तर संध्याकाळी तू इथे असतीस. मी दोनदा शाल पांघरली आणि दोनदा काढून ठेवली. तुम्ही दोघं जर्मनमध्ये बोलला असतात आणि ते खालपर्यंत ऐकू गेलं असतं. मला त्याची अब्रू राखायची होती, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मी भ्याले.

शुक्रवारी पहाटे त्यानं माझं मनगट धरलं. अगदी स्पष्ट बोलला, “पाउली जिन्यात उभी आहे. तिला आत घे, गारठलीय ती.”

मी म्हटलं, घेतलं. तेव्हा कुठे त्यानं डोळे मिटले.

उद्या मी सही करणार नाही. कारण विचारलं तर काय सांगायचं, ते अजून ठरत नाही. नऊ वर्षांत या घरात पहिल्यांदाच जर्मनमध्ये लिहितेय, चुका असतील. तू ये. कॅप्टनसाहेबांनाही आण, गणवेशात आले तरी चालेल.

तुला आत न घेतलेली तुझी ताई,
हर्मिना